संगणकावरील वहीखाते : काही उपयुक्त सूचना



दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बीडच्या मोंढ्यात चक्कर मारली, तर दुकानोदुकानी एक देखावा दिसतो. पाटावर लाल कापडाच्या बांधणीची नवी वही असते, वहीवर कुंकवाचे स्वस्तिक असते, सुपारी, हळकुंड, झेंडूची फुले असतात. आणि हल्ली त्या वहीशेजारी संगणकही मांडलेला असतो. त्यालाही हळदकुंकू लागते. माजलगाव, गेवराई, परळी, अंबाजोगाई, केज, कुठेही जा, असेच दृश्य आढळेल.

पूजा संपते, दुसऱ्या दिवशी दुकान उघडते, आणि मग एक मजेची गोष्ट लक्षात येते. संगणकावर फक्त बिल छापले जाते. खरा हिशेब मात्र गल्ल्याखालच्या वहीतच चालतो. मार्च महिना आला की वही घेऊन करसल्लागाराकडे धाव घ्यायची, आणि तो जो आकडा सांगेल तो भरून मोकळे व्हायचे. म्हणजे हजारो रुपये मोजून घेतलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर निव्वळ महागड्या छापखान्यासारखे वापरले जाते. बैलजोडी घ्यायची आणि तिच्याकडून फक्त देवळापर्यंत गाडी ओढून घ्यायची, तशातला हा प्रकार आहे.

ह्या सॉफ्टवेअरकडून अधिक काम कसे करून घ्यावे, एवढेच आज आपल्याशी बोलावयाचे आहे. दुकानदारांप्रमाणेच सोसायटीचे सचिव, बचत गटाच्या भगिनी आणि शाळेतले गुरुजी ह्यांनाही ह्यातले बरेचसे उपयोगी पडेल.

जुनेच शास्त्र, नवे साधन

पहिली गोष्ट ही, की संगणक पाहून बिचकून जाण्याचे कारण नाही. त्याच्या पोटात आहे ते आपले जुनेच शास्त्र आहे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हे चार शब्द आपल्या आजोबांना ठाऊक होते. दिवसभराचे व्यवहार ओळीने लिहायचे ती रोजकीर्द. तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या नावाखाली उतरवायचे ती खतावणी. सगळ्या खात्यांच्या शिलका एकत्र मांडून नावे आणि जमा बरोबर येतात का हे पाहायचे ती तेरीज. आणि शेवटी देणे किती, येणे किती, हे दाखवणारा ताळेबंद. इटलीतील लुका पाचोली ह्या गणिती साधूने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात ही दुहेरी नोंदीची पद्धत नीट मांडून दाखवली. प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू असतात, एक नावे आणि एक जमा, हे त्याचे सूत्र आजही तसेच चालू आहे.

आपल्याकडे जे टॅली सर्वांच्या तोंडी आहे, त्याचा जन्मही दुकानदारीच्या अडचणीतूनच झाला. बंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका हे गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवीत. त्यांना स्वतःच्या धंद्यासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना. तेव्हा त्यांनी आपल्या मुलाला, भारत गोयंका ह्यांना, ते तयार करण्यास सांगितले. ही १९८६ सालची गोष्ट. पुढे २०२० साली भारत गोयंका ह्यांना पद्मश्री मिळाली. टॅलीखेरीज इतरही साधने आहेत. मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट हे तर मुक्त सॉफ्टवेअर आहे. साधन कोणतेही असो, पुढे सांगितलेल्या गोष्टी सगळीकडे सारख्याच लागू पडतात.

वहीत आणि संगणकात फरक एवढाच आहे, की आपण रोजकीर्द लिहायची. खतावणी, तेरीज आणि ताळेबंद यंत्र आपोआप करून देते. पण एक लक्षात ठेवा. नोंद खरी की खोटी, हे यंत्राला कळत नाही. पाचशेच्या जागी पाच हजार लिहिले, तर ते पाच हजाराचाच बिनचूक ताळेबंद करून देईल. बेरीज यंत्राची, खरेपणा आपला.

खाते ओळखू येईल असे नाव

आता एका कृषी सेवा केंद्राचे उदाहरण घेऊ. आपल्या जिल्ह्यात ह्या धंद्याची रीत ठरलेली आहे. मृग लागला की शेतकरी बी-बियाणे आणि खत उधारीवर नेतो. कापूस घरात आला, किंवा उसाचे पैसे मिळाले, की उधारी फेडतो. म्हणजे दुकानदाराचा जीव सहा सहा महिने ह्या खात्यांत अडकलेला असतो.

अशा दुकानात पहिला घोटाळा होतो तो नावाचा. एकाच गावात एकाच नावाची आणि आडनावाची तीन माणसे असतात. एकाने भरलेले पैसे दुसऱ्याच्या खाती जमा होतात, आणि पोळ्यापासून पाडव्यापर्यंत भांडण चालते. म्हणून खाते उघडताना नाव, वडिलांचे नाव, गाव आणि मोबाईल क्रमांक ह्या चार गोष्टी लिहाव्यात. एकच मनुष्य एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत, एकदा टोपणनावाने असा तीन ठिकाणी लिहिला जाऊ नये. बिल करता करता घाईने नवे खाते उघडण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. सोय चांगली आहे, परंतु दुहेरी खाती तिच्यामुळेच होतात. म्हणून नवे खाते उघडण्यापूर्वी जुने शोधून पाहावे.

दुसरे, खात्यांचे गट पाडावेत. सगळी उधारी एकाच ढिगात न ठेवता गावाप्रमाणे किंवा तालुक्याप्रमाणे गट केले, तर वडवणीकडे वसुलीला निघताना त्या बाजूच्या गावांचा उतारा एका मिनिटात हाती येतो. वहीत हेच काम करायला अर्धा दिवस जातो.

बिलागणिक हिशेब

आता जी सूचना सांगतो, ती सगळ्यांत महत्त्वाची मानावी. पैसे आले की ते कोणत्या बिलापोटी आले, हे नोंदवावे. टॅलीत ह्याला बिलनिहाय नोंद म्हणतात, आणि ती सोय खात्यात एकदा चालू करून ठेवावी लागते. बहुतेक दुकानांत ती बंदच असते. पैसे आले की नुसते ‘खाती जमा’ असे लिहून सोडून देतात.

ह्याने काय बिघडते ते पहा. समजा, एका शेतकऱ्याने जूनच्या आरंभी डीएपीच्या १० गोण्या नेल्या, दर १,३५० रुपये, बिल १३,५०० रुपयांचे. मग ४,५०० रुपयांचे बियाणे नेले. ऑगस्टमध्ये ६,२०० रुपयांची फवारणीची औषधे नेली. एकूण झाले २४,२०० रुपये. दिवाळीनंतर त्याने १८,००० रुपये आणून दिले. वही म्हणते, बाकी ६,२००. शेतकरी म्हणतो, “मालक, माझ्याकडं एवढी बाकी निघतच नाही. तुमचं खातं काही खरं नाही.” दुकानदार म्हणतो, “मामा, लिहिलेलं आहे ते लिहिलेलं आहे.” झाले, वर्षभराच्या सगळ्या बिलांवर वाद सुरू!

आता हेच बिलागणिक पाहू. १३,५०० चे बिल फिटले. ४,५०० चे फिटले. राहिले फक्त औषधांचे बिल. तेवढ्या एकाच बिलावर दोघांनी बोट ठेवले, तेव्हा शेतकऱ्याला आठवले, की त्यातले २,२०० रुपयांचे न फोडलेले डबे त्याने दुसऱ्याच आठवड्यात परत दिले होते. माल फडताळात परत गेला, पण परतीची नोंद राहून गेली. म्हणजे खरी बाकी ६,२०० नव्हे, ४,००० रुपये. दोघेही आपापल्या जागी खरे होते. भांडण वर्षाचे न राहता एका बिलाचे झाले, आणि एका बिलाचे भांडण चहा संपायच्या आत मिटते.

बिलागणिक नोंदी असल्या, की आणखी एक तक्ता फुकट मिळतो : कोणती उधारी किती दिवसांची आहे. ३० दिवसांच्या आतली, ९० दिवसांची, वर्षापलीकडची. जुनी उधारी वर दिसू लागली, की पुढच्या हंगामात कुणाला किती माल द्यायचा ह्याचा निर्णय अंदाजाने न घेता आकड्यांवरून घेता येतो. पाऊस न झालेल्या वर्षी कुणाची बाकी खरोखर अडचणीमुळे थकली आणि कुणाची सवयीने थकते, हेही त्यातून उमगते. दोघांशी सारखेच वागणे बरोबर नव्हे.

कोठीतला माल आणि कागदावरचा माल

खताच्या दुकानात मालाचे तीन हिशेब असतात : कोठीत प्रत्यक्ष असलेला, संगणकात दिसणारा आणि खताच्या पॉस यंत्रातला. अनुदानाचे खत आधार पटवून पॉस यंत्रावर विकण्याची पद्धत २०१८ पासून देशभर लागू झाली. गर्दीच्या दिवसांत माल आधी दिला जातो आणि यंत्रावरची नोंद ‘मग करू’ म्हणून राहते. तपासणीला कोणी आले, की तीन ठिकाणी तीन आकडे निघतात आणि परवान्यावर बेतते.

उपाय साधा आहे. आठवड्यातून एक दिवस ठरवावा आणि दुकान उघडण्यापूर्वी दोन-तीन मुख्य वस्तू मोजाव्यात. समजा, एका खताच्या आरंभी १२० गोण्या होत्या, ३०० आल्या, ३६५ विकल्या. संगणक ५५ दाखवील. मोजल्या तर ५२ भरल्या. तीन गोण्या कुठे गेल्या? बिलाशिवाय दिल्या, की फाटल्या, की दुसऱ्याच खताच्या नावाने बिल झाले? आठवड्याच्या आत शोधले तर सापडते. मार्चमध्ये शोधले तर कुणालाच काही आठवत नाही.

बियाणे आणि औषधे ह्यांच्या बाबतीत लॉट क्रमांक व मुदत ह्यांची नोंद अवश्य चालू करावी. मुदत संपत आलेला माल दोन महिने आधी कळला तर कंपनीला परत करता येतो. आणि दुसरे कारण अधिक मोठे आहे. उद्या एखाद्या लॉटचे बियाणे उगवले नाही, तर तो लॉट कोणकोणत्या शेतकऱ्यांना गेला हे संगणक क्षणात सांगेल. शेतकऱ्याच्या बिलावर लॉट क्रमांक असेल, तरच त्याच्या तक्रारीला आधार राहतो. दुबार पेरणीचा खर्च ज्याने सोसला आहे, त्याला ह्या एका ओळीची किंमत विचारा.

बँकेशी मेळ

हल्ली पैसे मोबाईलवरून येतात. गल्ल्याजवळचे यंत्र ‘इतके रुपये प्राप्त हुए’ असे ओरडते, आपण मान हलवतो, आणि नोंद राहून जाते. म्हणून बँकेच्या उताऱ्याशी मेळ घालणे पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे.

समजा, आपल्या पुस्तकात बँकेची शिल्लक ८४,३०० रुपये आहे, बँक म्हणते ७१,८००. घाबरण्याचे कारण नाही. भरलेला १४,००० चा धनादेश अजून वटलेला नाही; तो वजा करा. मोबाईलवरून आलेल्या १,८०० रुपयांची नोंद आपणच केली नव्हती, ती मिळवा. बँकेने ३०० रुपये शुल्क कापले. ते वजा करा. आले ७१,८००. सॉफ्टवेअरमध्ये बँकमेळाचे पान असते, तिथे प्रत्येक नोंदीपुढे बँकेतली तारीख टाकत गेले, की उरलेल्या नोंदी आपोआप वेगळ्या पडतात. बँकेचा उतारा थेट आत घेण्याची सोयही टॅलीत आहे. महिन्यातून एकदा नव्हे, दर शनिवारी हे काम करावे. अर्ध्या तासात होते.

रोखीचेही तसेच. संध्याकाळी गल्ला मोजावा, संगणकातली रोख शिल्लक पाहावी, आणि फरक असेल तर त्याच रात्री शोधावा. संगणकात रोख शिल्लक कधी उणे दिसली, तर समजावे की नोंद चुकली आहे. गल्ल्यात शून्याखाली पैसे असू शकत नाहीत! आणि एक कायद्याची गोष्ट : काही अपवाद सोडले तर, धंद्याच्या खर्चापोटी एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांवर रोख दिली, तर आयकरात तो खर्च धरला जात नाही. अशा नोंदी आधीच दिसून आल्या, तर पुढच्या वेळी पैसे बँकेतून देता येतात.

जीएसटीचा काटा

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, आणि तेव्हापासून छोट्या दुकानदारांनाही हिशेबाची धास्ती बसली. धास्तीचे कारण कर नसून त्याची वेळ आणि त्याचा मेळ आहे.

एका कृषी केंद्रातच पहा. पेरणीच्या बियाण्यावर कर नाही, खतावर ५ टक्के, आणि रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के. प्रत्येक वस्तूच्या खात्यात हा दर एकदाच नीट भरून ठेवला, तर बिल करणाऱ्या मुलाला विचार करावा लागत नाही. दर बदलला तर मात्र जुना दर खोडून नवा लिहू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक दर बदलले. ठिबक आणि तुषार सिंचनाच्या संचांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. अशा वेळी ‘ह्या तारखेपासून हा दर’ अशी नोंद करावी. तसे न केल्यास जुन्या बिलांची छपाई पुन्हा काढताना घोळ होतो.

आता मेळाचे पाहू. समजा, आपण एक लाखाचे औषध खरेदी केले आणि त्यावर १८,००० रुपये कर दिला. तोच माल १,१०,००० ला विकला, त्यावर १९,८०० रुपये कर गोळा झाला. आधी दिलेला वजा करून आपण फक्त १,८०० भरायचे. पण ज्याने आपल्याला माल विकला, त्याने ते बिल आपल्या विवरणात दाखवलेच नाही तर? तर १८,००० ची वजावट मिळत नाही आणि पूर्ण १९,८०० भरावे लागतात. नफा दहा हजारांचा, फटका अठरा हजारांचा! म्हणून दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या संकेतस्थळावर येणारा २-बी हा तक्ता उतरवून घ्यावा आणि आपल्या खरेदीशी जुळवून पाहावा. नव्या टॅलीत ही जुळवणी आपोआप होते. जे बिल दिसत नाही त्याच्या व्यापाऱ्याला लगेच फोन करावा. मासिक विवरण भरणाऱ्यास २० तारखेपर्यंत अवधी असतो. ते सहा दिवस ह्याच कामासाठी आहेत असे समजावे.

कापसाच्या जिनिंगवाल्यांना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा कर शेतकरी भरत नाही, नोंदणी असलेला खरेदीदार भरतो. १५ नोव्हेंबर २०१७ पासून ही उलट्या आकारणीची पद्धत आहे. सॉफ्टवेअरमध्ये त्या खरेदीला तशी खूण केली नाही, तर ती साध्या खरेदीत मिसळून जाते, आणि चूक उमगेपर्यंत व्याज चढते.

खोडू नका, उलटी नोंद करा

जुन्या मुनिमांचा एक दंडक होता. चुकलेला आकडा गिरवून काळा करायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. चूक झाली तीही दिसली पाहिजे आणि दुरुस्ती झाली तीही दिसली पाहिजे. संगणकात नोंद पुसणे फार सोपे झाले, आणि हा दंडक विसरला गेला. आता कंपन्यांना तरी १ एप्रिल २०२३ पासून बदलांचा माग ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरण्याचे बंधन आहे. छोट्या दुकानदाराला ते बंधन नाही, तरीही टॅलीतली ही सोय त्याने स्वतःहून वापरावी. कोणी, केव्हा, कोणता आकडा बदलला, हे मालकाला कळावे.

त्याचबरोबर प्रत्येकाचे नाव आणि परवलीचा शब्द वेगळा ठेवावा. बिल करणाऱ्याला बिल करता यावे. मागच्या महिन्यातली नोंद बदलता येऊ नये. ह्यात नोकरावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. उलट, काही कमी पडले तर निरपराध माणसावर आळ येत नाही, हा त्याचा मोठा फायदा आहे.

आता राखीव प्रतीविषयी. वीज केव्हा जाईल ह्याचा आपल्याकडे नेम नाही, आणि उंदराने कुरतडलेली वही निदान अर्धी तरी वाचता येते. बिघडलेल्या संगणकातले काहीच वाचता येत नाही. म्हणून रोज दुकान बंद करताना एक प्रत बाहेरच्या साधनावर घ्यावी, एक प्रत घरी ठेवावी किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात पाठवावी. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे न तपासलेले बियाणे. उगवेल की नाही ते पेरल्यावरच कळणार. जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागते, हेही विसरू नये.

नफा आहे, पैसा कुठे आहे?

इतके सगळे करून झाल्यावर संगणक जे सांगतो ते वाचले पाहिजे. पुष्कळ दुकानदार विचारतात, “साहेब, कागदावर दोन लाख नफा दिसतो, मग माझा खिसा रिकामा का?” उत्तर ताळेबंदातच असते. वर्षारंभी उधारी सहा लाख होती, वर्षअखेर अकरा लाख झाली. म्हणजे पाच लाख रुपये लोकांच्या खात्यांत जाऊन बसले. नफा मात्र दोनच लाख. बाकी सारे तसेच राहिले असेल, तर उरलेले तीन लाख आपण बँकेकडून किंवा व्यापाऱ्याकडून उसने घेतले. दुकान वाढले असे वाटत होते, वाढली ती उधारी. हे मार्चमध्ये कळण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये कळले तर काही करता येते. म्हणून दर महिन्याला तीन आकडे कागदावर लिहून ठेवावेत : एकूण उधारी, कोठीतला माल आणि आपले देणे. तीन आकड्यांची ही ओळ वर्षभर लिहिली, तर धंदा कोणत्या दिशेने चालला आहे हे कुणाला विचारावे लागत नाही.

सोसायटी, शाळा आणि मुकादमाची वही

आता दुकानाबाहेर येऊ. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या गावोगावच्या सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. सचिवांनी संगणकावर नोंदी करणे हे अर्धे काम झाले. सभासदाने आपला खातेउतारा मागून घेणे हे उरलेले अर्धे. पतसंस्थांत ठेवी अडकल्याने किती घरांचे लग्नकार्य आणि दवाखाना अडला, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. सुंदर छापलेले पासबुक म्हणजे संस्था भक्कम असा अर्थ होत नाही. ताळेबंद मागावा, वार्षिक सभेस जावे, आणि तो वाचता येईल इतके हिशेबाचे ज्ञान असावे.

इथे गुरुजनांचे साहाय्य हवे. आपण शाळेत पोषण आहाराचा साठा लिहिताच. आरंभीची शिल्लक, अधिक आवक, वजा वापर, बरोबर अखेरची शिल्लक. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. ८० लहान मुले आणि ४० मोठी मुले जेवली, तर ८ किलो आणि ६ किलो मिळून १४ किलो. हेच गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्या. मग त्याच मुलांना घरच्या दुधाचा, किराण्याचा महिन्याचा उतारा लिहायला सांगा. संगणक नसला तरी चालेल. ज्याला वहीवर नावे-जमा कळले, त्याला संगणक आठ दिवसांत येतो.

आणि ह्या मुलांपैकी कित्येकांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, त्यांना मुकादम आगाऊ उचल देतो, आणि हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनावर ती फिटत जाते. किती टन तोडला, किती उचल फिटली, मध्ये दवाखान्याला किती घेतले, हे सारे मुकादमाच्या वहीत. हंगाम संपला की मुकादम म्हणतो, “इतकी बाकी राहिली, पुढच्या साली फेडा.” ज्याच्या हाती वही, त्याच्याच तोंडी हिशेब. सातवीतल्या मुलीने आईबापाबरोबर जाण्याऐवजी शाळेत राहून हिशेब शिकावा, आणि आईबापांनी रोजच्या टनांची चिठ्ठी एका साध्या वहीत जपून ठेवावी, म्हणजे परतल्यावर तिला खाते मांडता येईल. दोन वह्या असल्या की हिशेब बोलणीचा होतो. एकच असली की तो हुकमाचा होतो.

म्हणून दुकानदार बंधूंना शेवटची सूचना हीच आहे, आणि तिला खर्च काहीच नाही. सॉफ्टवेअरमधून प्रत्येक गिऱ्हाइकाचा खातेउतारा निघतो. हंगामातून दोनदा, एकदा गणपतीच्या सुमारास आणि एकदा संक्रांतीला, तो काढून त्याच्या हाती द्यावा किंवा मोबाईलवर पाठवावा. टॅलीत मराठीत नावे लिहिण्याची सोय आहे. तिचा उपयोग करावा, म्हणजे तो घरी बसून स्वतः वाचू शकेल. चूक असेल तर तो वेळेवर सांगेल, नसेल तर बाकी मान्य करील. वसुलीला गेल्यावर दारात उभे राहून आवाज चढवण्यापेक्षा हे सोपे, आणि दोघांच्याही मानाचे.

उद्या दुकान उघडल्यावर एकच काम करा. सर्वांत जुनी उधारी असलेली पाच खाती काढा, त्यांचे उतारे छापा, आणि ज्याचे त्याला द्या. तिथून सुरुवात झाली, की पुढचे आपोआप सुचत जाईल.